वेळेआधी गेलेलं विमान

"हे विमान गेलं," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

जावयाला आधी वाटलं, आपण चुकीच्या रांगेत शिरलो. त्याने वरची पाटी पाहिली, मग हातातलं तिकीट पाहिलं. कंपनी तीच, नंबर तोच. "मी दुपारच्या विमानाचं विचारतोय," तो म्हणाला.

"मीही तेच सांगतेय. दुपारचं आता सकाळी जातं. तीन आठवडे झाले." तिने स्क्रीनवर बोट टेकवलं. "एजन्सीला कळवलेलं आहे. एजन्सीनं बदल मान्यही केलाय. तुमच्या एजंटनं सांगितलं नाही का?"

शेजारी उभ्या असलेल्या आईंनी, त्याच्या सासूबाईंनी, सावकाश मान वळवली आणि आपल्या एजंटकडे, म्हणजे जावयाकडेच, पाहिलं.

काय झालं असणार हे जावयाला तिथल्या तिथे कळलं. कंपनीनं वेळ बदलली की तो निरोप ज्याने तिकीट काढलं त्याच्या संगणकावर येऊन पडतो. रोज तिकिटांचं दुकान उघडलं की आधी निरोपांची ती रांग उपसायची. त्यातले बहुतेक बदल पाच मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे असे. गर्दीच्या दिवशी तो सगळे एकगठ्ठा निवडायचा आणि 'मान्य' दाबून मोकळा व्हायचा. शिवाय प्रवाशाच्या फोन नंबराच्या जागी तो दुकानाचाच नंबर घालायचा. धंद्यात सगळेच घालतात. गिऱ्हाइकाचा नंबर कंपनीच्या हाती लागला की पुढच्या वेळी कंपनी त्याला परस्पर तिकीट विकते. सासूच्या तिकिटावर तरी स्वतःचा नंबर सोडून तिचा घालावा, एवढंही त्याला सुचलं नव्हतं. सवयच तशी.

"पुढचं विमान?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

उद्या सकाळी मामांचं, म्हणजे आईंच्या भावाचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. वडिलांचा छापखाना विकला त्या वर्षापासून आई आणि मामा यांच्यात शब्द नव्हता. वडिलांच्या मागे तो कोणाच्या नावावर व्हावा, यावरून जे तुटलं ते तुटलं. लग्नं झाली, माणसं गेली, आईंचे यजमान अप्पा गेले तेव्हासुद्धा मामा आले नाहीत. आणि महिन्यापूर्वी एका संध्याकाळी त्यांचाच फोन आला. ऑपरेशनची तारीख सांगितली आणि म्हणाले, "येतेस का?" आई "येते" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या जावयाच्या दुकानात आल्या, फुकट नको म्हणून हट्टाने पैसे दिले आणि पावती घेऊन गेल्या.

"काय झालं?" मागून आईंच्या थोरल्या मुलाने विचारलं. तो आईची बॅग ओढत येत होता.

जावयाने तोंड उघडलं, पण आईच म्हणाल्या, "विमान गेलं रे."

थोरला बांधकामाच्या साइट सांभाळत असे. पाचव्या मजल्यावरच्या माणसाला खालून हाक मारायची सवय असलेला त्याचा आवाज. तो त्या हॉलमध्ये घुमला तेव्हा शेजारच्या दोन रांगांतली माणसं वळून बघायला लागली.

"भावोजी, तुमच्या दुकानात तिकिटं सोडून दुसरं काही विकता का हो? नाही ना? एवढं एकच काम, आणि तेही घरच्या माणसाचं!"

"दादा, हळू बोल," त्याची धाकटी बहीण, जावयाची बायको, मध्ये पडली. ती नवऱ्याबरोबर दुकानातच बसायची, हिशेब आणि फोन सांभाळायची. "वेळ कंपनीनं बदलली, ह्यानं नाही. पावतीच्या मागे स्वच्छ छापलंय, आम्ही फक्त मध्यस्थ, वेळापत्रकाची जबाबदारी विमान कंपनीची."

"आईला पावतीची मागची बाजू वाचायला लावणार तू?"

"मी कायद्याचं बोलतेय."

"कायद्याचं बोलायचं ना? मग थांब. बोलावतो तिला."

थोरल्याची बायको वकील होती, आणि त्याने तिथल्या तिथे तिला फोन लावला.

*

सून कोर्टातून निघाली ती वाटेत पाण्याचा घोटही न घेता थेट विमानतळावर आली. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिला एक गोष्ट पाठ झाली होती: भांडण कशाचंही असो, दोन्ही बाजूंना ती आपली वकील वाटते. आजही तसंच झालं. ट्रॉल्यांच्या रांगेपाशी नवऱ्याने तिला बाजूला घेतलं.

"नोटीस काढ. आजच."

"कोणाला?"

"भावोजींना. आईच्या नावानं. पहिल्यापासून सांगत होतो, हा माणूस बेफिकीर आहे. तेव्हा कोणी ऐकलं नाही."

"लग्नाला विरोध केलास त्याची नोटीस काढायचीय की विमानाची?"

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने धाकटी आली. "वहिनी, तुम्हीच सांगा दादाला. आम्ही मध्यस्थ आहोत. आमच्यावर काही येत नाही, हो ना?"

"बसा सगळे," सून म्हणाली. बाकावर मधोमध आई बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. त्यांच्या एका बाजूला थोरला बसला, दुसऱ्या बाजूला धाकटी. जावई उभाच राहिला.

"भावोजी, दोन मिनिटं मला वहिनी समजू नका. विचारते त्याची सरळ उत्तरं द्या. बदलाचा निरोप तुमच्याकडे आला होता?"

त्याच्या मनात आलं, आलाच नाही म्हणावं. धंद्यातले सगळे तेच म्हणतात. संगणक बंद होता, रांगेत दिसला नाही, काहीही. त्याने आईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"आला होता," तो म्हणाला. "मी वाचला नाही. बाकीच्यांबरोबर मान्य करून टाकला."

"कंपनीकडून आईंना थेट काही? फोन, मेसेज?"

"त्यांच्याकडे आईंचा नंबरच नव्हता. मी दुकानाचा दिलेला."

"बघ!" थोरला उसळला.

"तू थांब. मी सांगते ते नीट ऐका, कारण तुम्ही दोन वेगळी भांडणं एकात कालवताय. एक भांडण आईंचं आणि विमान कंपनीचं. कंपनीनं विमान काही तास आधी नेलं. कायद्यानं ते रद्द केल्यातच जमा. प्रवाशाला वेळेत कळवलं हे कंपनीनं सिद्ध करायचं असतं, आणि एजंटला कळवलं म्हणजे प्रवाशाला कळवलं असं होत नाही. नसेल कळवलं, तर आईंना आज तिथे पोचवणं हे कंपनीचं काम. स्वतःच्या विमानानं नाही जमलं तर दुसऱ्याच्या."

"मग चला की!" धाकटी उठलीच. "मी म्हणत होते ना, आमचा काही संबंध नाही."

"संबंध आहे. दुसरं भांडण तेच आहे. पावतीमागचं वाक्य विमान उशिरा सुटलं, वेळ बदलली, तिथवर तुम्हाला वाचवेल. हातात आलेला निरोप पुढे न देणं त्यात बसत नाही. तो भावोजींचा स्वतःचा कामचुकारपणा. आईंना दुसऱ्या विमानानं पाठवायला जो खर्च येईल, तो कंपनी उद्या तुमच्याकडे मागू शकते."

"उद्याचं उद्या बघू," जावई म्हणाला. "आज काय करायचं?"

पुढचं बोलणं सुनेला जड जात होतं.

"कंपनीच्या नोंदीत बदल 'मान्य' आहे. तेवढ्यावर ते हात झटकतील, प्रवासी कबूल होता म्हणतील. कबूल कोण झालं? तुम्ही, आईंना न विचारता. हे तुम्हाला त्यांच्यासमोर सांगावं लागेल. लिहून द्यावं लागेल."

"नाही," धाकटी म्हणाली. "वहिनी, तुम्हाला कळतंय का काय सांगताय? आपल्याच हातानं लिहून द्यायचं की आमची चूक? कंपनीनं आम्हाला तिकिटं काढू देणंच बंद केलं तर? दुकानात दुसरं आहे काय?" ती आईकडे वळली. "आई, तू तरी बोल."

आईंनी पर्सची चेन लावली आणि बाकाला धरून उठल्या.

"घरी चला," त्या म्हणाल्या. "मी फोन करते त्याला. फोनवर बोलता येतंच की."

"आई, अगं पण..." थोरला म्हणाला.

"इतकी वर्षं भेटलो नाही ते काही विमानामुळे नाही. माझ्या भावाला भेटायला लेकीचं दुकान मोडायचं नाही मला. बॅग घे."

थोरल्याने बॅग घेतली नाही. मघापासून जी वाक्यं तो मनात रचत होता, त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. आईने हार मानल्याचं त्याने अप्पा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

जावई धाकटीजवळ गेला. "ऐक. मामांचं उद्या काही बरंवाईट झालं, तर ते दुकान मी उघडू शकेन का? तूच सांग."

धाकटीने डोळे पुसले. मग तिने आपल्या पिशवीतून पेन काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "अक्षर नीट काढ," ती म्हणाली. "तुझं कोणाला लागत नाही."

*

विमान कंपनीची खोली काउंटरांच्या मागे होती. खिडकी नाही, दोन टेबलं, भिंतीशी चाकं तुटलेल्या बॅगांचा ढीग. ड्यूटीवरचा साहेब कान आणि खांद्याच्या मध्ये फोन अडकवून बोलत होता. तो ठेवल्यावर त्याने बुकिंग उघडलं, वाचलं आणि मान हलवली.

"बदल मान्य केलेला आहे मॅडम. तुमच्या एजंटशी बोला."

"एजंट मीच," जावई म्हणाला.

साहेबाने वर पाहिलं.

"मान्य मी केला. न वाचता केला. या माझ्या सासूबाई, यांना ते माहीतच नव्हतं. मी यांना सांगितलं नाही, विचारलंही नाही. हे लिहून आणलंय." त्याने कागद टेबलावर ठेवला.

साहेबाने कागद दोनदा वाचला. "या खोलीत एजंट येतात ते निरोप आलाच नाही म्हणून भांडायला," तो म्हणाला. "आला होता असं सांगणारे तुम्ही पहिले."

"आता प्रवाशाला कळवलं होतं असं तुम्हाला म्हणता येणार नाही," सून शांतपणे म्हणाली. "आमच्या आईंना आज पोचायचंय. उद्याच्या विमानाचा काही उपयोग नाही. यांच्या भावाचं ऑपरेशन आहे."

"एजंटचं आम्ही नंतर बघू, ते माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये. ते तुमचं आणि त्यांचं. आणि तेव्हा तुमची माझ्याशी गाठ पडेलच."

साहेबाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. त्याने फोन उचलला. पहिल्या ठिकाणी जागा नव्हती. दुसऱ्या ठिकाणी होती, पण मध्ये एका शहरात रात्र काढावी लागणार होती. सून मानेनेच नाही म्हणाली. तिसऱ्या फोनवर तो बराच वेळ नुसताच हं, हं करत राहिला. धाकटीने नकळत वहिनीचा हात धरला होता. सुनेला तो चांगलाच दुखत होता, पण तिने सोडवून घेतला नाही.

"एक जागा आहे," साहेब म्हणाला. "दुसऱ्या कंपनीचं विमान, सरळ जातं. काउंटर बंद व्हायला आलंय. आजी, पळता येईल?"

"मला चालता येतं," आई म्हणाल्या. "पळायला हा आहे."

थोरला बॅग डोक्यावर घेऊन पळत सुटला. साइटवरचा आवाज त्याने पुन्हा एकदा लावला, "थांबा! एक प्रवासी आहे, थांबा!", आणि या वेळी वळून बघणाऱ्या माणसांनी बाजूला होऊन वाट दिली.

तपासणीच्या दाराशी आईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग जावयाला म्हणाल्या, "जेवून घ्या. मघापासून तोंड उतरलंय तुमचं." आणि आत गेल्या.

*

विमान उडालेलं पाटीवर दिसेपर्यंत कोणी तिथून हललं नाही. मग चौघं उपाहारगृहात जाऊन बसले आणि एकदम सगळ्यांनाच सपाटून भूक लागल्याचं कळलं.

थोरल्याला काहीतरी बोलायचं होतं. कामगारांना झापून झाल्यावर त्यांच्याशी पुन्हा कसं बोलायचं हे त्याला येत असे, चहा मागवायचा. तो उठून चहा घेऊन आला आणि पहिला पेला जावयासमोर ठेवला.

"कंपनीचं पत्र आलं की आधी माझ्याकडे आणा," तो म्हणाला.

"तुझ्याकडे कशाला? माझ्याकडे आणा," सून म्हणाली. "तू वाचशील आणि मेघगर्जना करशील."

धाकटीला हसू फुटलं, आणि ते आवरेना. हसता हसता ती रडायलाच लागली. "खरं सांगा वहिनी, दुकान जाईल?"

"नाही जाणार. फार तर आजच्या तिकिटातला फरक मागतील. त्यातही घासाघीस करू. एजंटनं स्वतःचाच नंबर दिलाय हे त्यांना दिसत होतं. एकाच नंबरावर शेकडो प्रवासी, आणि एकदाही विचारलं नाही. त्यांचीही थोडी चूक आहेच. पण भावोजी, यापुढे प्रत्येक तिकिटावर प्रवाशाचा नंबर."

"हो."

"आणि एकगठ्ठा मान्य?"

"हात तोडून ठेवीन."

"नको, पत्रांवर सही लागेल," ती म्हणाली.

थोरला जोरात हसला. जावयानेही पेल्याआडून हसून घेतलं, पण त्याचं डोकं दुसरीकडेच होतं. त्याने फोनवर दुकानाच्या निरोपांची रांग उघडली. "त्या दिवशी मी आणखी किती मान्य केलेत, बघायला हवं."

"आता?" धाकटीने विचारलं.

"आता."

चौघांनी टेबलावरच्या ताटल्या सरकवल्या. तो एकेक नाव वाचत गेला, धाकटी जुनी वेळ सांगत गेली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काही नाही. पुन्हा पाच मिनिटं. आणि मग एक निघालाच: गाणं शिकवणारे एक गृहस्थ, परवाचं विमान, संध्याकाळचं दुपारी आलेलं. जावयाने तिथूनच त्यांना फोन लावला, झालेली चूक सांगितली, माफी मागितली. पलीकडचा माणूस काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवल्यावर जावई खुर्चीत मागे टेकला.

"काय म्हणाले?" थोरल्याने विचारलं.

"म्हणाले, बरं झालं, संध्याकाळी तिथे पोचून शिकवणीच घेतो."

*

आई इस्पितळात पोचल्या तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. खोलीत एकच दिवा होता. भाऊ पलंगावर उशीला टेकून बसला होता. त्याचे केस गेले होते, खांदे लहान झाले होते. दारातून त्यांना वाटलं, आपले वडीलच बसलेत.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. "उशीर केलास," तो म्हणाला.

"मी नाही केला. विमानच लवकर गेलं."

"विमान कधी लवकर जातं का?"

"आमच्या नशिबात जातं."

त्याला हसू आलं, आणि हसताना छातीवर हात दाबावा लागला. त्यांनी खुर्ची ओढली. दुपारी काय काय झालं ते सगळं सांगितलं, थोरल्याच्या डोक्यावरच्या बॅगेसकट. तो मध्ये मध्ये विचारत राहिला. सून कोणती, थोरल्याची? वकील आहे? जावयानं खरंच लिहून दिलं? त्या सांगत राहिल्या, आणि सांगताना त्यांच्या लक्षात आलं की या माणसांपैकी अर्ध्यांना त्याने कधी पाहिलेलंच नाही.

छापखान्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं नव्हतं तू येशील."

"मलाही दुपारी तसंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या ऑपरेशनच्या मजल्यावर एका कडक खुर्चीत बसून होत्या. माणसं येत होती, जात होती. घरून फोन येत होते. थोरल्याचा, धाकटीचा, जावयाचा, आणि काहीच न विचारता नुसतं "आई, मी आहे" म्हणणाऱ्या सुनेचा. दुपार कलली तेव्हा दार उघडलं. टोपी घातलेली एक नर्स बाहेर आली आणि तिने मामांचं आडनाव पुकारलं.

आई उठल्या.

"ऑपरेशन छान झालं," नर्स म्हणाली. "शुद्धीवर येतायत. थोड्या वेळानं एकाच माणसाला आत सोडू. तुम्ही त्यांच्या कोण?"

हा प्रश्न आईंना इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.

"बहीण," त्या म्हणाल्या. मग नर्सला नीट कळावं म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाल्या, "सख्खी बहीण. थोरली."